गोव्यातली वंशावळ भरताना ‘देश’ या रकान्यात काय लिहायचं?

अंत्रुजकर

आमच्या घराण्याची वंशावळ कागदावर होतीच. मोडीतली, फक्त पुरुषांची, शेवटची पानं तेवढी आजोबांच्या बाळबोध अक्षरात. ती मी आता ग्रॅम्प्समध्ये भरतो आहे. हे फुकट आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते आणि देवनागरी नीट चालते, म्हणून ते निवडलं.

घरातली पुढची पिढी पुणे, लिस्बन, टोरांटो अशी पांगली आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आपण मूळचे कुठल्या देशाचे? भाचीनं दुसऱ्या एका संकेतस्थळावर हेच झाड चढवलं, तर तिथल्या नकाशात पणजोबा युरोपात दिसू लागले. जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये होती, म्हणून देशाच्या रकान्यात तिनं पोर्तुगाल लिहिलं होतं. पणजोबा जन्मभर फोंडा महालात राहिले.

हा धागा त्या रकान्यासाठी काढतोय. माझं मत आधीच सांगतो. गोव्यातल्या माणसाची नोंद करताना देश हातानं लिहूच नये. गाव लिहावं, वाडा ठाऊक असेल तर वाडाही लिहावा, आणि तारीख लिहावी, अंदाजे का होईना. देश कुठला हे गाव आणि तारीख मिळून ठरतं.

पेडणें घ्या. १७८८ पर्यंत ते सावंतवाडीकर भोसल्यांचं. तिथून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल. मग गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश, आणि ३० मे १९८७ पासून गोवा राज्य. घर तेच, विहीर तीच. पण १७७० चा जन्म, १९०० चा जन्म आणि १९९० चा जन्म यांच्या राजवटी तीन. तिसवाडी १५१० मध्येच आदिलशाहीकडून गेली. बार्देस आणि साष्टी १५४३ मध्ये. फोंडा मात्र १७६३ पर्यंत पोर्तुगीजांचा झाला नाही; तिथं आधी आदिलशाही, १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, पुढे सौंदेकर राजे, मधूनमधून पुन्हा मराठे. म्हणजे १७०० साली एक भाऊ चोडणला आणि त्याचा चुलतभाऊ फोंड्यात जन्मला असेल, तर दोघांचे राजे वेगळे.

ग्रॅम्प्समध्ये याची सोय आहे. प्रत्येक स्थळ एकदाच तयार करायचं आणि ते कशाच्या आत मोडतं हे तारखांसकट सांगायचं. पेडण्याला मी चार ‘पालक स्थळं’ जोडली आहेत, प्रत्येकाला त्याचा कालखंड. सेटिंगमध्ये स्थळाचं शीर्षक आपोआप बनवण्याचा पर्याय चालू ठेवला की १७७० च्या जन्मापुढे सावंतवाडी येते आणि १९०० च्या जन्मापुढे पोर्तुगीज अंमलातला गोवा. दर माणसामागे देश लिहीत बसावं लागत नाही.

तुम्ही कोणी असं केलंय का? आणि १८०० च्या मागे कशाच्या आधारानं गेलात?

दादरवासी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

काका, माझी अडचण याच्याही आधीची आहे. आजोबांची नोंद मिळाली तर मी गाव लिहिणार ना! ऑनलाइन सूचीत त्यांचं नाव हरतऱ्हेनं टाकून पाहिलं, काहीच येत नाही. आडनाव कामत, वडिलांचं नाव शंकर.

लिपीवेडा

दादरवासी, तुम्ही नाव इंग्रजी पद्धतीनं टाकताय. नोंद करणारा कारकून पोर्तुगीज कानानं लिहायचा. पोर्तुगीजमध्ये ‘श’साठी एक्स हे अक्षर, म्हणून शंकरचं स्पेलिंग एक्सनं सुरू होतं आणि शेवटी एक स्वर चिकटतो: शेंकोरा असं काहीसं वाचता येईल. कामत सीनं सुरू होतो आणि शेवटी अनुनासिक एम येतो, ‘कामोतीं’. केणी क्यूनं सुरू होतो. पेडणें, केपें, डिचोली यांच्या शेवटचा एमसुद्धा तोच नाकातला उच्चार.

आता सॉफ्टवेअर इथं कुठे अडतं ते पाहा. बहुतेक वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये सारख्या उच्चाराची नावं शोधायला साउंडेक्स ही पद्धत असते. अमेरिकेत १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं, इंग्रजी उच्चार डोळ्यांसमोर ठेवून. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, स्वर गाळायचे, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. इंग्रजी स्पेलिंगमधल्या शंकरचा संकेत येतो एस५२६. पोर्तुगीज स्पेलिंगमधल्या शंकरचा येतो एक्स५२६. आकडे हुबेहूब तेच, पण पहिलं अक्षर वेगळं, म्हणून यंत्राच्या लेखी ही दोन नावं परकी. कामत के५३०, ‘कामोतीं’ सी५३५. तिथे शेवटच्या नाकातल्या एमनं आकडाही बदलला.

उलट नाईक दोन्ही पद्धतींत एन२०० येतो, प्रभू आणि पोर्तुगीज ‘पोरोबो’ दोन्ही पी६१०. म्हणून नाईक-प्रभूंना नोंदी पटकन मिळतात आणि शेट, केणी, कामत चाचपडत राहतात.

उपाय असा. आडनाव सीनं सुरू करून शोधा, वडिलांचं नाव एक्सनं. सोय असेल तर नावाच्या मधल्या अक्षरांऐवजी तारका (*) टाका. आणि सापडलेलं प्रत्येक स्पेलिंग त्या माणसाच्या पर्यायी नावांत साठवा, मूळ स्पेलिंग आपल्या सोयीनं सुधारू नका. पुढच्या शोधाला तीच किल्ली लागते.

दादरवासी

सापडले! सी आणि एक्स करून पाहिलं, लगेच आले. लिपीवेडा, मनापासून आभार. नोंदीत आजोबांच्या आजोबांचंही नाव आहे.

मडगावची वकीलबाई

दादरवासी, नुसतं आजोबांचे आजोबा बघून थांबू नका, ती नोंद पूर्ण वाचा. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर नागरी नोंदणी सक्तीची झाली आणि त्याच दशकात ती गोव्यातही आली. त्या जन्मनोंदीत आईवडील तर असतातच, शिवाय वडिलांकडचे आजी-आजोबा आणि आईकडचे आजी-आजोबा, असे चौघेही असतात. उताऱ्याचा संक्षेप घेऊ नका, पूर्ण मजकुराची नक्कल मागा. संक्षेपात आजोळ गळून पडतं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरातल्या वंशावळींत बायका नाहीत. अंत्रुजकरकाकांच्या मोडी कागदात नाहीत, आमच्याही नाहीत. लग्नात मुलीचं नावही बदलायचं, त्यामुळे माहेरची एक आणि सासरची दुसरी अशा दोन बायका कागदावर दिसतात. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते मला तिच्या नातवाच्या जन्मनोंदीत सापडलं, आणि तिचं गावही. ती पेडण्याची निघाली. आम्ही सगळे स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या साष्टीचे समजत होतो.

दुसरा खजिना म्हणजे इन्व्हेंटरी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. माणूस वारला की वारसांची आणि मालमत्तेची यादी न्यायालयात व्हायची, आणि मुलगीही वारस असल्यामुळे लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट, गावासकट त्यात असतात. कोण मुंबईला आहे, कोण आफ्रिकेत, हेही कधीकधी लिहिलेलं असतं. आमच्या घराण्यातली मोझांबिकला गेलेली एक शाखा अशाच इन्व्हेंटरीतून कळली. मूळ देशच नव्हे, पुढे कोण कुठल्या देशात गेलं तेही इथं हाती लागतं.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना बाईचं माहेरचं नाव मुख्य ठेवा आणि लग्नातलं नाव पर्यायी. उलटं केलंत तर आजोळची फांदी कधीच जोडली जाणार नाही.

कारवारकडची

आमचं घराणं चार-पाच पिढ्या कारवारचं, पण कुलदैवत मंगेश. आजी सांगायची की पूर्वज कुशस्थळीहून निघाले. वडील सांगतात त्याही आधी आपण गौड बंगालचे, त्याही आधी सरस्वतीकाठचे. एका ॲपमध्ये मी सुरुवातीलाच ‘बंगाल’ टाकलं, तर त्यानं तिथले कोण कोण नातेवाईक म्हणून सुचवायला सुरुवात केली. हे सगळं पुसून टाकू का?

अंत्रुजकर

कारवारकडची, बाय, पुसू नका, पण जागा बदला. तुमच्या आजीचं आणि वडिलांचं सांगणं दोन वेगळ्या तऱ्हेचं आहे.

आजीचं आधी. कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा १५६० च्या सुमारास मंगेश कुठ्ठाळीहून झुवारी ओलांडून प्रियोळला आला, तेच आजचं मंगेशी. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला, आणि ते देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून दिलं.

आज कुठ्ठाळीहून मंगेशीला गाडीनं तासही लागत नाही, आणि दोन्ही गावं एकाच राज्यात. तेव्हा मात्र कुठ्ठाळी पोर्तुगीजांकडे होती आणि प्रियोळ आदिलशहाकडे. नदी ओलांडणारा माणूस एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात जात होता, आणि त्यासाठीच तो ती ओलांडत होता. घर, शेत, गावकीतला हक्क सोडून, देवाची मूर्ती रात्रीची होडीत घालून गेलेली ही माणसं होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत स्थलांतराची घटना म्हणतात ती हीच. तुम्ही दोन्ही ठिकाणी ‘गोवा, भारत’ लिहिलंत तर नकाशावर ती दिसणारच नाही; काही मैलांची हालचाल एवढंच दिसेल. माझ्या मते गोव्यातल्या हिंदू घराण्यांच्या इतिहासातलं सर्वात मोठं देशांतर हेच आहे. त्या रकान्याबद्दल मी इतका हट्ट धरतो तो याचसाठी.

तरीही एक मर्यादा पाळा. कुलदैवत मंगेश म्हणून घराणं कुठ्ठाळीकडचं, हा अंदाज वाजवी आहे. पण तुमचा अमुक पूर्वज १५६० मध्ये तिथं होता, याचा तो पुरावा होत नाही. म्हणून मी कुटुंबाच्या टिपणात लिहितो, ‘परंपरेनुसार कुठ्ठाळी’, आणि स्रोत म्हणून आजी. माणसाची पाटी तयार करत नाही.

गौड बंगाल आणि सरस्वतीकाठ ही सह्याद्रिखंड या पौराणिक ग्रंथातून आलेली परंपरा. ती जपावी, मुलांना सांगावी, वेगळ्या टिपणात लिहावी. पण तिच्यापासून तुमच्या खापरपणजोबांपर्यंत नावांची साखळी नाही. साखळीशिवाय देश भरला की ॲप त्या देशातल्या नोंदींत तुमची नावं शोधू लागतं. तुम्हाला तोच अनुभव आला.

तुम्हाला उपयोगी पडेल ती महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या पिढीजात हक्कदार सभासदांची यादी. मंगेशीसारख्या देवस्थानांत महाजनांच्या नोंदवह्या असतात आणि १९३३ चा पोर्तुगीजकालीन देवस्थान कायदा अजून लागू आहे, त्यामुळे मामलेदाराकडेही त्याचा दुवा मिळतो. तुमची शाखा कारवारला गेल्यावरही महाजन म्हणून नाव लावत राहिली असेल, तर दोन्ही टोकं तिथं जुळतील.

कारवारकडची

काका, आजीचं बोलणं मी रेकॉर्ड करून ठेवलंय. ते स्रोत म्हणून जोडता येतं का?

अंत्रुजकर

येतं. ध्वनिफीत माध्यम म्हणून जोडा, आणि कोणी, कुठे, कधी सांगितलं ते स्रोतात लिहा.

तिसवाडीचो गांवकार

जुन्या काबिजादीतल्यांसाठी, म्हणजे पोर्तुगीजांनी सुरुवातीला घेतलेल्या महालांतल्यांसाठी एक भर. तिसवाडी, बार्देस, साष्टीत गावकरीचे म्हणजे कोमुनिदादचे कागद पाहा. गावकार वांगडांत म्हणजे कुळगटांत विभागलेले असतात, प्रत्येक पुरुष गावकाराची नावनोंदणी होते आणि त्याला झोण म्हणजे उत्पन्नातला वाटा मिळतो. ही नोंद बापाकडून मुलाकडे चालते, म्हणून पुरुषांची साखळी तिथं घट्ट मिळते. एकाच वांगडात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही शाखा असू शकतात. आमच्यात आहेत. ख्रिस्ती शाखेची माहिती चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत मिळते आणि त्या वह्या नागरी नोंदणीच्या कितीतरी आधीच्या. मी दोन्ही शाखा एकाच झाडात ठेवल्या आहेत. चुलत घराण्यातले लोक आता दिवाळीला आणि नाताळला एकमेकांकडे येतात.

जुने गावकरीचे कागद मराठीत, मोडीत, काही गोंयकानडी लिपीतही आहेत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. ते दफ्तर साधंसुधं नाही. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराला त्याचा रखवालदार नेमलं होतं. दोन कागद पाहून यायचं म्हणून जाऊ नका. गाव, वांगड आणि अंदाजे साल लिहून न्या, तिथली माणसं मदत करतात.

नवा सभासद

एवढे कष्ट कशाला? थुंकीची डीएनए चाचणी केली की टक्केवारीसकट देश कळतात ना?

जीवशास्त्रवाली

नवा सभासद, प्रश्न रास्त आहे, पण चाचणी तुम्हाला ‘देश’ सांगत नाही. आज जिवंत असलेल्या लोकांचे नमुने गटागटानं ठेवलेले असतात, त्यांच्याशी तुमचा डीएनए ताडून पाहतात आणि कुठल्या गटाशी किती साम्य ते टक्क्यांत देतात. आपल्या भागाचे नमुने थोडे असतील तर उत्तर ‘दक्षिण आशिया’ एवढंच येतं. नमुने वाढले की तेच टक्के बदलतात. तुमचे पूर्वज तर बदललेले नसतात.

शिवाय हिशोब बघा. पाच पिढ्या मागे ३२ पूर्वज, प्रत्येकाचा वाटा सरासरी तीन टक्के. पेडणें पोर्तुगीजांकडे गेलं ते साल धरलं तर साधारण आठ पिढ्या, २५६ पूर्वज, प्रत्येकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणखी मागे गेलं की काही पूर्वजांचा डीएनए आपल्यात उरतच नाही, तरी ते आपले पूर्वज असतातच. काका म्हणतात तो १५६० चा नदी ओलांडणारा माणूस कुठल्याही चाचणीत दिसणार नाही. दोन्ही काठांची माणसं एकच होती.

दुसरं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली. त्यामुळे दोन माणसांत अनेक बाजूंनी थोडाथोडा डीएनए सारखा सापडतो आणि यंत्र लांबच्या माणसाला जवळचा चुलतभाऊ म्हणून दाखवतं. चाचणीचा खरा उपयोग तुमच्याकडे कागदावरचं झाड आधीपासून असेल तर होतो. शंका असलेली एखादी फांदी त्यानं तपासता येते.

आणि खासगीपणाचा विचार करा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली, आणि २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. डीएनए तुमच्या एकट्याचा नसतो, भावंडांचाही अर्धा त्यात असतो. त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

दादरवासी

एक व्यावहारिक प्रश्न. आजोबांची नोंद मिळाली, आता पोर्तुगीज पासपोर्टसाठी हेच झाड चालेल का? घरात चर्चा सुरू झाली आहे.

मडगावची वकीलबाई

झाड चालत नाही, मूळ दाखल्यांच्या नकला लागतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवून घेता येतो, पुढची पिढी त्या आधारे अर्ज करते. नावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही तिथं अडतो, तेव्हा लिपीवेडांचा सल्ला तुमच्या याही कामाचा.

पण घरात एक गोष्ट स्पष्ट सांगा. १९६२ च्या नागरिकत्व आदेशानं गोवेकर भारतीय नागरिक झाले. आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. पूर्वज कुठल्या राजवटीत जन्मले हा इतिहास आणि तुम्ही आज कुठले नागरिक हा कायदा. निर्णय घेण्याआधी वकिलाला समोर बसवून कागद दाखवा, धाग्यावरच्या उत्तरावर जाऊ नका. माझ्याही.

फोंड्याची नातसून

काका, सासऱ्यांच्या टिपणात जन्म ‘माघ, शके १८३२, साधारण नाम संवत्सर’ असा आहे. ग्रॅम्प्समध्ये ज्युलियन, हिब्रू, इस्लामी कालगणना दिसतात, शालिवाहन शक नाही. काय करू?

आणि झाड टोरांटोच्या दिराला पाठवलं तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन गेली.

अंत्रुजकर

शकात ७८ मिळवले की इसवी सन; पण अंदाजे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे, कारण तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं. म्हणून माघ १८३२ म्हणजे १९११ च्या सुरुवातीचे महिने. संवत्सर ही तुमची पडताळणी. साधारण संवत्सर दर ६० वर्षांनी येतं, १८५०, १९१०, १९७०. तुमच्याकडे शक आणि संवत्सर दोन्ही जुळताहेत, म्हणजे टिपण भरवशाचं. तारखेत १९११ भरा आणि मूळ मजकूर जसाच्या तसा टिपणात उतरवा. तिथीवरून दिवस काढायचा असेल तर जुनं पंचांग पाहावं लागेल.

प्रश्नचिन्हांचं कारण बहुधा जेडकॉम. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात झाड नेण्याची ही फाइल १९८४ पासून चालत आली आहे, आणि जुन्या आवृत्तीत देवनागरीला जागाच नव्हती. ग्रॅम्प्स निर्यात युटीएफ-८ मध्येच करतं, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतात, तेव्हा अडचण बहुधा फाइल उघडणाऱ्या बाजूला आहे. दीर वापरतात ते सॉफ्टवेअर ५.५.१ किंवा ७.० आवृत्ती घेतं का ते विचारा, ७.० मध्ये युटीएफ-८ सक्तीचं आहे. एवढं करूनही जमलं नाही तर नावं देवनागरीत ठेवून रोमन रूप पर्यायी नावांत भरा.

पाठवण्याआधी हयात माणसांची माहिती गाळायचा पर्याय चालू करा. आणि जेडकॉममधून जाताना स्थळांचे तारखांनुसारचे पालक सहसा टिकत नाहीत, तेव्हा मूळ ग्रॅम्प्सची फाइल स्वतःकडे वेगळी जपून ठेवा. पेडणें, फोंडा, साष्टी, बार्देस, तिसवाडी यांचे कालखंड भरलेली माझी स्थळांची फाइल तयार आहे. हवी त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. सत्तरी आणि काणकोण अजून व्हायचे आहेत. तिकडचं कोणी असेल तर सोबत बसून भरू.